जांभ्याच्या जमिनीवर सोन्याचे खडे शोधण्याचा सराव : यंत्र बिघडले आहे की माझी पद्धत चुकते आहे?

कातळावरचा (रत्नागिरी तालुका)

सर्वांना नमस्कार.

मी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावरील (जांभ्या कातळाच्या पठारावरील) वाडीत राहतो. माध्यमिक शाळेत ३३ वर्षे गणित शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझी मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो येथे असतात. सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन रानात जायचे आणि नैसर्गिक सोन्याचे लहान खडे शोधायचे, हा जावयांचा छंद आहे. येत्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहोत. त्यांच्यामागून नुसते चालत राहण्यापेक्षा हे काम निदान प्राथमिक पातळीवर शिकूनच जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या गणपतीत ते आले, तेव्हा त्यांनी आपले जुने यंत्र माझ्याकडे ठेवले. ते १८ किलोहर्ट्झ कंपनसंख्येचे असून त्याची डबल-डी प्रकारची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, ११ इंची आहे.

अडचण अशी, की आमच्या घराभोवती सगळा जांभा आहे. कॉइल जमिनीकडे नेली की आवाज चढतो, वर उचलली की उतरतो, आणि चालू लागलो की यंत्र अखंड कण्हत राहते. लहान खडा ऐकू यायचा तर संवेदनशीलता पूर्ण हवी, असे समजून ती मी शेवटपर्यंत वाढवून ठेवली आहे. लोखंड वगळण्याची सोय सुरू केली की आवाज बराच शांत होतो, म्हणून ती कायम सुरू असते. महिनाभरात मी ३७ खड्डे खणले आणि प्रत्येकाची नोंद वहीत केली. १९ वेळा खिळे व पत्र्याचे तुकडे, ६ वेळा बाटल्यांची बुचे, ४ वेळा चकचकीत वेष्टने, एकदा बैलाच्या नालेचा तुकडा आणि ७ वेळा काहीच नाही.

आणखी एक कोडे आहे. पत्नीची चार ग्रॅमची अंगठी परसातल्या मातीत चार बोटे खोल पुरली, तर ती स्पष्ट वाजते. सहा ग्रॅमची साखळी मात्र जमिनीवर नुसती ठेवली तरी जेमतेम कुरकुरते. वजन जास्त असून आवाज कमी का, हे मला सुटलेले नाही.

शेवटचा प्रश्न वाडीतील मंडळींचा आहे, पण तो मलाही पडला आहे. ऑस्ट्रेलियात तांबड्या जांभ्याच्या जमिनीत सोन्याचे खडे मिळतात असे आम्ही वाचले. मग तसाच जांभा आमच्या सड्यावर मैलोन्‌मैल पसरलेला असताना येथे सोने का नसावे? एका शेजाऱ्याने तर किल्ल्याच्या तटाजवळ यंत्र फिरवून पाहा असे सुचवले. मी तूर्त नकार दिला आहे, पण त्यामागचा नियम मला नेमका माहीत करून घ्यायचा आहे.

कलमांची राखण (देवगड)

सर, यंत्र बिघडलेले नाही. नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षे व्हिक्टोरियातच, बॅलरॅटमध्ये होतो आणि तेथील रानात बऱ्याच शनिवार-रविवारी हेच काम केले आहे. आता देवगडला आमची कलमे पाहतो. परत आल्यावर जांभ्यावर यंत्र लावले, तेव्हा माझ्या लक्षात आले की व्हिक्टोरियातील तापदायक जमिनीपेक्षाही आपला सडा कठीण आहे. म्हणून तुम्ही शिकण्यासाठी योग्य जागी बसला आहात, असेच मी म्हणेन.

आधी यंत्र काय करते ते पाहू, म्हणजे बाकीचे आपोआप उलगडेल. कॉइल सतत बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे उलट क्षेत्र कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. पण जांभ्यातील आणि बेसॉल्टमधील चुंबकीय लोहखनिजेही या क्षेत्राला प्रतिसाद देतात. एकट्या लहानशा खड्याचा प्रतिसाद कणभर असतो आणि त्याच्याभोवतीच्या जमिनीचा प्रतिसाद त्याच्या कित्येक पट असतो. तुम्ही संवेदनशीलता शेवटपर्यंत नेली, त्यामुळे खड्याचा आवाज वाढला तसा जमिनीचाही वाढला. गोंगाटाच्या वर्गात शिक्षकाने स्वतःचा आवाज चढवला तर मागच्या बाकावरचे कुजबुजणे काही जास्त ऐकू येत नाही. संवेदनशीलता निम्म्याच्या आसपास आणा आणि तिथून एक-एक घर वर न्या. जिथे कण्हणे पुन्हा सुरू होईल, त्याच्या एक घर खाली थांबा.

त्याआधी जमिनीशी जुळवणी करायची असते, आणि तुमच्या वर्णनावरून तीच राहून गेली आहे. धातू नसलेली जागा शोधा. कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर आणा, मग वीतभर वर न्या, पुन्हा खाली आणा, आणि हे संथ लयीत करत राहा. खाली आणताना आवाज चढत असेल तर जुळवणीची कळ एका बाजूला फिरवा, उतरत असेल तर दुसऱ्या बाजूला. वर-खाली करताना आवाजात फरकच पडेनासा झाला की जुळले. सड्यावर दर पंधरा-वीस पावलांनी हे पुन्हा करावे लागते, कारण उघडा कातळ, त्यावरची मुरमाड माती आणि खळग्यात साचलेली गाळमाती या तिन्ही जमिनी यंत्राला वेगवेगळ्या वाटतात. यंत्राला आपोआप जुळवून घेण्याची सोय असेल तर ती चालताना वापरा, पण संशयित जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवण्यापूर्वी ती बंद करा. नाहीतर यंत्र त्या लहान खड्यालाच जमीन समजून हळूहळू गप्प होते. या एका चुकीपायी माझी पहिली दोन वर्षे कोरडी गेली.

लोखंड वगळण्याची सोय मात्र कृपया बंद करा. लहान सोने आणि जमिनीतील लोह एकत्र आले की यंत्राला त्यातले सोने ओळखता येत नाही आणि ते दोन्ही मिळून लोखंड म्हणून टाकून देते. सोन्याच्या रानात प्रत्येक आवाज खणायचा असतो. तुमची वही मला फार आवडली. त्यातील १९ खिळे म्हणजे १९ वेळा तुमचा कान खिळ्याचा आवाज शिकला.

घराच्या आसपास मात्र सराव करू नका. तेथे जुने खिळे, विजेच्या तारा आणि इन्व्हर्टर असे सगळेच यंत्राला त्रास देते. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अशाच तत्त्वावरचे यंत्र वापरले, तेव्हा गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्यांची वाट चुकवल्याचे नोंदले गेले आहे. आपल्या अंगणात अशा स्प्रिंगा पिढ्यानपिढ्या पुरलेल्या असतात. मोबाइलही खिशात ठेवू नका आणि पोलादी टोकाचे बूट घालू नका.

अंगठी आणि साखळीचे कोडे सोपे आहे. अंगठी हे बंद कडे असल्यामुळे प्रवाह त्यात मोकळेपणाने फिरतो आणि मोठा आवाज देतो. साखळीची प्रत्येक कडी हे स्वतंत्र, इवलेसे वेटोळे असते आणि कड्यांचा एकमेकींशी स्पर्श कच्चा असतो. त्यामुळे यंत्राला सहा ग्रॅमचा एक डाग दिसत नाही, शेकडो बारीक कड्या दिसतात. म्हणून अंगठीवर सराव करून फसू नका. नैसर्गिक खडा ओबडधोबड आणि कधी सच्छिद्र असतो, त्याचा आवाज तेवढ्याच वजनाच्या अंगठीपेक्षा बराच दबका येतो.

दगड वाचणारी (भूशास्त्राची अध्यापिका, कोल्हापूर, माहेर लांजा)

वाडीतील मंडळींनी विचारलेला प्रश्न बाळबोध नाही, तो नीट उत्तराला पात्र आहे.

जांभा हा मूळ खडक कुजून तयार होतो. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे खडकातील विरघळणारे घटक वाहून जातात, आणि लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहून घट्ट होतात. म्हणजे जांभा हा मागे उरलेल्या वस्तूंचा थर आहे. तो नवे काही निर्माण करत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात ज्या जुन्या खडकांवर जांभा बनला, त्यांत सोन्याच्या शिरा होत्या, त्यामुळे तेथील जांभ्यातही सोने राहिले. रत्नागिरीचा सडा ज्यावर बनला तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. कुजण्यापूर्वी जे नव्हते ते कुजल्यावर कोठून येणार? वरून दोन्हीकडची जमीन सारखीच तांबडी दिसते. उत्तर तिच्या खालच्या खडकात आहे.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले-सावंतवाडीकडे, बेसॉल्ट संपून फार जुने खडक उघडे पडतात. ते कर्नाटकातील धारवाड खडकांच्या नात्यातले आहेत, आणि कर्नाटकातील कोलार व हट्टी येथील सोने धारवाडी पट्ट्यांतलेच आहे. हे वाचून कोणी रेडीला यंत्र घेऊन धावू नये, म्हणून पुढचे स्पष्ट लिहिते. रेडीला खाणी चालल्या त्या लोहखनिजाच्या. नात्यातल्या प्रत्येक खडकात सोने असतेच असे नाही.

आणि समजा असते, तरी मेटल डिटेक्टरचा उपयोग झाला नसता. कोलारची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती आणि २००१ साली बंद झाली. तेथील सोने एका टन खडकामागे काही ग्रॅम, असे गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत विखुरलेले होते. हे यंत्र एकसंध धातूचा तुकडा ओळखते. तेच सोने धुळीसारखे दगडात पसरलेले असेल तर यंत्र गप्प राहते. झारखंडच्या सुवर्णरेखेच्या वाळूत आणि केरळात निलंबूरच्या परिसरात लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात, ते यासाठीच. तेथे थाळी आणि पाणी कामाचे, यंत्र नव्हे.

व्हिक्टोरियाचे वेगळेपण असे, की तेथे सोने गारेच्या शिरांत जाड स्वरूपात होते. शिरा झिजल्या, हलकी गार वाहून गेली आणि जड सोने फार लांब न जाता ओहोळांच्या तळाशी, चिकणमातीवर, उथळ जागी अडकले. सोन्याची घनता १९.३ आहे, गारेची अवघी २.६५. हा आकडा डोक्यात ठेवून सर, तुम्ही एकदा पावसाळ्यानंतर आपल्याच पऱ्यात (ओढ्यात) जाऊन पाहा. काळी जड रेती दगडाच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूला आणि कातळाच्या भेगेत कशी साचते ते डोळ्यांना दिसेल. सोने तेथे नाही, पण सोने ज्या जागी थांबले असते त्या जागा ओळखायला आपला पऱ्या उत्तम शिकवतो. हे शिकून गेलात तर बेंडिगोच्या ओहोळात तुम्हांला परके वाटणार नाही.

खाडीकाठ (मालवण)

देवगडच्या दादांचे बहुतेक म्हणणे पटते, फक्त एका मुद्द्यावर माझे वेगळे मत आहे. लोखंड वगळण्याची सोय पहिल्याच महिन्यात पूर्ण बंद केली तर नवा माणूस खिळे खणून थकतो आणि यंत्र माळ्यावर जाते. मी स्वतः तसे सोडून दिले होते. पहिले पंधरा दिवस ती सोय थोडी सुरू ठेवावी, कानाला धातूचा आवाज ओळखीचा झाला की बंद करावी, असे माझे मत आहे.

सरावासाठी सोने लागत नाही. आमच्या घरी पाग आहे, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. शिशाचा लहान तुकडा यंत्राला लहान सोन्याच्या जवळपासचा वाटतो, आणि जुन्या पागाचे तुटके मणी कोणत्याही मच्छीमाराच्या घरी मिळतील. मी ते हातोडीने चेपून वेडेवाकडे केले, कारण गोल गुळगुळीत मणी जास्त चांगला वाजतो. मग वजनकाट्यावर मोजून पाव ग्रॅम, अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम आणि दोन ग्रॅम असे चार गट केले. अर्धा ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने सुमारे चार गुंजा. एवढासा तुकडा जांभ्यात बोटभर खोल ऐकू येणे हीच खरी परीक्षा आहे. पुरताना प्रत्येकाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे सापडला नाही तरी परत काढता येईल. शिसे विषारी आहे, हात धुतल्याशिवाय जेवू नये आणि तुकडे जमिनीत सोडू नयेत.

पुळणीवरच्या सरावाबद्दल सांगायचे तर कोरड्या वाळूत यंत्र शांत राहते, पण भरतीच्या ओल्या पट्ट्यात ओरडते, हा अनुभव तुम्हांलाही येईल. खारे पाणी वीजवाहक आहे. एकाच कंपनसंख्येच्या यंत्राची जुळवणी खाऱ्या पाण्याला अनुसरून केली तर ती काळ्या वाळूला चालत नाही, आणि काळ्या वाळूला अनुसरून केली तर पाण्याला चालत नाही. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूच्या काळ्या समुद्रावर तर या दोन्ही अडचणी एकत्र आहेत. तेथे एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारे यंत्र लागते. तुमच्या १८ किलोहर्ट्झच्या यंत्राने ओल्या पट्ट्यात जाऊच नका, विनाकारण उमेद खचेल.

वकील, दापोली

नियमांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली, तर तिची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, परंतु तिचा अर्थ इतकाच की जवळपास प्रत्येक जुनी वस्तू या कायद्यात येते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमानुसार गुन्हा आहे. शेजाऱ्यांनी सुचवलेला तटाचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्यावा. सर, तुम्ही दिलेला नकार योग्यच होता. तटाखालच्या मातीतील एखादे नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते ही माहितीच त्याचे खरे मोल असते, आणि खड्डा घेणाऱ्याच्या हातून ती कायमची नष्ट होते.

खनिजांचा शोध घेण्यासाठी १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाखाली परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात जमिनीखालील खनिजांवर मालकी शासनाची असते, सातबारा तुमच्या नावावर असला तरीही. स्वतःच्या बागेत स्वतः पुरलेले शिशाचे मणी शोधण्यास अर्थातच कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

एक विनंती कायद्यापलीकडची आहे. आमच्याकडे वेळास, आंजर्ले आणि पुढे गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून अंडी घालतात आणि मेपर्यंत पिल्ले बाहेर येत असतात. वाळूत हातभर खाली शंभरेक अंडी असतात. या काळात भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत फावडे घालू नये. ज्या माणसांनी रात्र-रात्र जागून ही घरटी राखली आहेत, त्यांच्या श्रमांचा तरी मान राखावा.

कातळावरचा (रत्नागिरी तालुका)

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

घरापासून पुष्कळ लांब, आमच्याच काजूच्या बागेत दोरीने दहा पावले लांब व दहा पावले रुंद चौकोन आखला. आधी तो पूर्ण साफ केला. त्यातच चार दिवस गेले आणि ४१ लोखंडी तुकडे निघाले. खणतीला लाऊडस्पीकरमधला जुना चुंबक बांधल्यामुळे शेवटचे बारीक तुकडे शोधणे सोपे झाले. त्यानंतर पत्नीने मला न सांगता चेपलेल्या शिशाचे दहा तुकडे वेगवेगळ्या खोलीवर पुरले आणि त्यांचा नकाशा स्वतःजवळ ठेवला.

पहिल्या दिवशी चारच सापडले. संवेदनशीलता निम्मी करूनही मी कॉइल फार उंच धरत होतो आणि झाडू मारल्यासारखी दोन्ही टोकांना वर उचलत होतो. पत्नीने बागेच्या कडेवरून पाहून ते बोलून दाखवले, तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा निम्मा पट्टा पुन्हा झाकत अतिशय सावकाश गेलो, तर सात सापडले. आजअखेर नऊ झाले आहेत. दहावा तुकडा पाव ग्रॅमचा असून तो चार बोटे खोल आहे आणि नकाशा पाहून त्या जागी कॉइल धरली तरी मला काही ऐकू येत नाही.

एक गोष्ट आपल्या लिहिण्यातून नव्हे, तर बागेतच लक्षात आली. खऱ्या तुकड्यावर कॉइल डावीकडून उजवीकडे नेली काय आणि उजवीकडून डावीकडे नेली काय, आवाज त्याच जागी, आखूड आणि स्वच्छ येतो. तापदायक दगडावर, म्हणजे धातू नसतानाही यंत्राला वाजवणाऱ्या लोहयुक्त दगडावर, तो पसरट येतो आणि बहुधा एकाच दिशेने येतो. कॉइल दोन बोटे वर उचलली की दगडाचा आवाज एकदम तुटतो, तुकड्याचा हळूहळू विरतो. हे योग्य आहे का? आणि वरवर कोरून काढलेल्या मातीत तुकडा आहे हे यंत्र सांगते, पण तो मातीच्याच रंगाचा असल्याने हाताला लागत नाही. त्यावर काय करावे?

पऱ्यावरही जाऊन आलो. एका मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे ओंजळभर काळी रेती, आणि पुढच्या बाजूला नुसते गोटे. लांज्याच्या बाईंनी लिहिले होते अगदी तसेच.

कलमांची राखण (देवगड)

सर, दगड आणि धातू यांतला फरक तुम्ही स्वतः शोधलात ते अगदी बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो, की वरची चार बोटे माती बाजूला केल्यावर धातूचा आवाज वाढतो, आणि आवाज जमिनीचा असेल तर तो पसरतो किंवा नाहीसा होतो. म्हणून घाईने खोल खणू नका, थर काढा आणि ऐका.

दहाव्या तुकड्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. अकरा इंची कॉइल मोठ्या खड्याला खोलवर पकडते, पण एवढ्या लहान तुकड्यासाठी पाच-सहा इंची कॉइल हवी, आणि कंपनसंख्याही जास्त हवी. लहान सोन्यासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे ४५, काही तर ७१ किलोहर्ट्झवर चालतात. जावयांकडे लहान कॉइल असेल तर तिकडे गेल्यावर मागून घ्या.

मातीत हरवलेल्या तुकड्यासाठी प्लॅस्टिकचा लहान टोप किंवा पाण्याचा मग घ्या, धातूचा नको. संशयित मातीतील निम्मी त्यात भरा आणि स्थिर ठेवलेल्या कॉइलवरून फिरवा. वाजली तर तुकडा मगात आहे, नाहीतर जमिनीवरच्या ढिगात. जो भाग वाजला त्याचे पुन्हा दोन भाग करा. पाच-सहा वेळा असे केले की चिमूटभर माती उरते. ती तळहातावर घेऊन कॉइलवर बोटाने थोडी थोडी टाका. शेवटी खडा कॉइलवर पडताच यंत्र एकदम किंचाळते. माझा पहिला खडा असाच मिळाला, ज्वारीच्या दाण्याएवढा, मातीने इतका माखलेला की तो सोने आहे हे तोंडातले पाणी लावून पुसेपर्यंत कळले नाही.

मालवणच्या मित्राचे लोखंडाबद्दलचे म्हणणेही मान्य करतो. मी माझ्या हट्टी स्वभावाला धरून लिहिले, सर्वांना ते झेपेल असे नाही.

आता व्हिक्टोरियाबद्दल जरुरीपुरते. तेथे छंद म्हणून सोने शोधायला ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. तो दहा वर्षे चालतो आणि जो कोणी प्रत्यक्ष शोधणार त्याच्या स्वतःच्या नावाचा हवा, जावयांच्या परवान्यावर तुम्हांला खणता येणार नाही. हाताच्या अवजारांनीच खणायचे, प्रत्येक खड्डा बुजवायचा, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत जायचे नाही, खाजगी जमिनीत मालकाला विचारून जायचे, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. सापडलेले सोने इकडे आणणार असाल तर दोन्हीकडच्या सीमाशुल्काचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्या.

तेथे १८५१ पासून लाखो माणसांनी जमीन उलथीपालथी केली आहे, त्यामुळे जुन्या विहिरींसारख्या उभ्या खाणी रानात उघड्या पडलेल्या असतात, काहींवर पाला साचलेला असतो. कानाला हेडफोन आणि डोळे कॉइलवर असताना मागे पाऊल टाकू नका. मी एकदा टाकले होते आणि निलगिरीच्या मुळाला धरून वाचलो. एप्रिल-मेमध्ये थंडी सुरू होत असल्याने साप कमी होतात, तरी गवतात काठी आपटत चाला.

मोठ्या खड्यांच्या गोष्टी तुम्हांला तेथे प्रत्येक जण सांगेल, आणि त्या खऱ्या आहेत. १८६९ साली मोलियागुलजवळ झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली अवघ्या काही बोटांवर, निव्वळ सोने सुमारे ७२ किलो भरेल असा खडा मिळाला. तेव्हा यंत्र नव्हते. १९८० साली किंगोवरला मात्र मेटल डिटेक्टरनेच सुमारे २७ किलोचा खडा सापडला. पण अकरा वर्षांत माझ्या हाती आलेले सगळे सोने एकत्र वितळवले तर एका अंगठीपुरते होईल. ते आजही एका काचेच्या बाटलीत आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे आणि मी ते वितळवणार नाही.

दहावा तुकडा नकाशावरून काढा, दोन बोटांवर पुन्हा पुरा, आणि ऐकू आला की एक-एक बोटाने खाली नेत जा. जिथे आवाज संपेल ती खोली वहीत लिहा. बेंडिगोला पोचल्यावर तोच तुकडा त्याच यंत्राने तेथील जमिनीत पुरून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे येथे कळवा. सड्यापेक्षा तेथे किती बोटे खोल ऐकू येते, हे मलाही जाणून घ्यायचे आहे.